वीतभर अंतर

“तुम्ही यांचे भाचे का?” त्या मुलीनं विचारलं, आणि मी “हो” म्हणालो.

विचार करून म्हणालो असं नाही. माझ्या खांद्याला मावशीची पर्स होती, हातात तिचा दंड होता, आणि आत शिरताना “मावशी, पायरी आहे” असं मी जरा मोठ्यानं म्हटलं होतं. ते त्या मुलीनं ऐकलं. कान तपासायचा तिचा धंदा, तेव्हा तिचे स्वतःचे कान शाबूत असणारच. मावशी म्हणणारा माणूस भाचाच असायचा, त्यात तिची काय चूक? चूक असलीच तर त्या ‘हो’ची. इतक्या सहज निघालं ते, जसं वर्षानुवर्षं जिभेखाली तयारच ठेवलं होतं. वर ती मुलगी लगेच मावशीकडे वळली, आवाज चढवून म्हणाली, “या आई, आपण आत बसू. पर्स राहू दे त्यांच्याकडे.”

सांगूनच टाकतो. ही बाई माझी मावशी नाही. सख्खी आई आहे, आणि मी तिचा एकुलता एक मुलगा. एके काळी हे सगळं शहर तिला आई म्हणायचं. माझी बायको अजून म्हणते. खालच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर, जे तिच्याहून फार तर आठ-दहा वर्षांनी लहान असतील, तेसुद्धा म्हणतात. तिला मावशी म्हणणारा या पृथ्वीतलावर मी एकटा आहे. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात बायकोनं विचारलं होतं, “स्वतःच्या आईला मावशी का म्हणता हो?” मी म्हणालो, लहानपणापासूनची सवय. हे उत्तर इतकं सोयीचं निघालं की पुढे तेच वापरत राहिलो.

त्या मुलीनं आई म्हटलं ते नुसतं रीत म्हणून, हे मला कळत होतं. हल्ली दवाखान्यात कुठल्याही म्हाताऱ्या बाईला आई म्हणतात. पण मावशीचा चेहरा उजळला. तिनं मान जराशी कलती केली, जुन्या फोटोत असते तशी, आणि म्हणाली, “अजून आठवण आहे का गं तुम्हाला?” मुलगी गडबडली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी लादीकडे पाहिलं. पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी. तिच्या जन्माआधीच मावशीचा रेडिओवरचा कार्यक्रम बंद पडलेला. पण शहाणी होती. “आहे ना आई,” म्हणाली, “न आठवायला काय झालं?” मला तिचे आभार मानावेसे वाटले आणि तिचा रागही आला. आम्ही दोघं मावशीला किती सहज फसवतो आहोत असं वाटलं, आणि किती बरं वाटलं तिला, असंही वाटलं.

आतली खोली म्हणजे खोलीत ठेवलेली एक पेटी होती. भिंतींना बारीक भोकांचे मऊ तक्ते, हातभर जाडीचं दार, त्याला लोखंडी खिट्टी, आणि मध्ये दुहेरी काच. काचेपलीकडे एक खुर्ची, अलीकडे टेबल, टेबलावर बटणांचा खोका आणि लवचिक मानेचा मायक्रोफोन. आत डोकावलो तर वाससुद्धा तोच आला. बंद कापडाचा, तापलेल्या वायरींचा, मघाशी कुणीतरी बसून गेल्याचा. चष्म्याचं दुकान चालवून माझं आयुष्य गेलं. एक डोळा झाका, वरची ओळ वाचा, आता खालची, हे मी झोपेतही म्हणू शकतो. तपासणी मला नवी नाही. पण ही खोली मी ओळखत होतो, रेडिओ केंद्रावरची होती तशीच. मावशीही ओळखत होती. ती खुर्चीत बसली, पाठ ताठ केली, कानामागे केस सारले, एक आवंढा गिळला. खाकरली नाही, माइकसमोर कधी खाकरायचं नाही. मुलीनं तिच्या डोक्यावर हेडफोन चढवला, तेव्हा तिनं तो सराईत बोटांनी जरासा मागे सरकवला. मग काचेतून वर बघितलं, जिथे तिच्या खोलीत लाल दिवा असायचा. आणि विचारलं, “दार लावलं का?”

“लावते हं आई,” मुलगी म्हणाली, आणि खिट्टी पडली.

“आलात का रे सगळे? दार लावून घ्या.” दर रविवारी सकाळी ती एवढंच म्हणायची, आणि मग क्षणभर थांबायची. केंद्रावरचे साहेब या थांबण्यावर आधी चिडले होते म्हणे. रेडिओवर गप्प राहणं म्हणजे घरात नळ उघडा टाकण्यासारखं. पण ती थांबायची, कारण पोरांना उठून दार लावायला वेळ हवा. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. खिडकीशी उभं राहिलं की ऐकू यायचं. समोरच्या इमारतीत, खाली बेकरीच्या वरच्या घरात, मागच्या बोळात, एकामागून एक दारं लागायची. कुठे धाडकन, कुठे खट्, कुठे गंजलेल्या बिजागरीचं कुरकुरत. एका बाईच्या एका वाक्यावर अख्खं शहर दार लावून बसायचं. आमचंही दार बाबा लावायचे, अगदी मन लावून, आणि मग रेडिओसमोर येऊन बसायचे, पाहुणे म्हणून आल्यासारखे. आम्ही दोघं आत, आणि ती दाराबाहेर कुठेतरी, सगळ्यांशी बोलत. तेव्हा तिचं नाव होतं ‘गोष्टीची मावशी’. मी मात्र तिला आई म्हणायचो, जसं कुणीही म्हणतं तसं, त्यात काही आहे हे लक्षात न येता.

त्या दिवसांना मी नावं ठेवतो, पण आठवण निघाली की तोंडाला पाणी सुटतं, हेही खरं. खालचा बेकरीवाला आमच्या पावाच्या पिशवीत एक क्रीमरोल जास्तीचा टाकायचा आणि ओठावर बोट ठेवायचा, जणू सरकारपासून लपवतोय. शाळेत मुख्याध्यापिका नव्या शिक्षकांना मला दाखवायच्या, जसा कुणी घरातला फ्रिज दाखवतो. एकदा मला घटसर्पासारखं काही झालं, श्वास घेता येईना, तर ज्या डॉक्टरांची वेळ आठवडाभर मिळत नसे ते पायजम्यावर कोट चढवून आमच्या घरी आले. माझा घसा बघताना मावशीला म्हणाले, “आमच्या धाकटीला सांगेन, मी कुणाकडे गेलो होतो ते.” घसा माझा होता. पण मी वाचलो, आणि त्याबद्दल मला तक्रार नाही. बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, पायरीवर दोन माणसं उभी राहिली की भरून जाईल एवढं. तिथे चालू घड्याळ घेऊनही लोक यायचे, मावशीचे यजमान दिसतात कसे ते बघायला. बाबा भिंग डोळ्यावरून न काढता म्हणायचे, “लग्न मी एकीशी केलं, भाचरं लाखभर मिळाली.” हे ते दर आठवड्याला नव्यानं सुचल्यासारखं म्हणायचे. त्यांना खरंच आनंद व्हायचा. मला आजवर कळलेलं नाही, की ज्या माणसाला स्वतःच्या नावानं कुणी हाक मारत नव्हतं त्याला इतका आनंद कशाचा होत असेल.

आणि रस्ता. तिच्याबरोबर रस्त्यानं जाणं म्हणजे कोपऱ्यावरून बटणं आणायला निघावं आणि अंधार पडल्यावर परत यावं. बायका पोरांना उचलून पुढे करायच्या, “हिला हिच्या नावानं एक हाक मारा ना.” ती मारायची, आणि पोर रेडिओनंच नाव घेतल्यासारखं दचकून तिच्या तोंडाकडे बघत राहायचं. मला त्या गर्दीत तिची बोटं तेवढी दिसायची. रस्त्यावर ती मला रागवू शकत नसे. गोष्टीची मावशी रागावते हे कुणी पाहिलं असतं तर झालंच! हे माझ्या लवकरच लक्षात आलं होतं, आणि म्हणून मी सगळे वांडपणे रस्त्यावरच करायचो. ती चेहऱ्यावर हसू ठेवून माझ्या दंडाला चिमटा काढायची. अजून कुणी प्रसन्न हसलं की माझा दंड दुखतो. घरी तरी मोकळं? तेही नाही. भिंती पातळ, शेजारी कान लावून. आमच्या घरात भांडणंसुद्धा कुजबुजत व्हायची. आई-बाबांचं कडाक्याचं भांडण चालू आहे हे मला बशा जोरात ठेवल्यावर कळायचं. पण तो घरातला आवाज फक्त आमचा होता. रेडिओवरचा आवाज सायीसारखा. घरातला खरखरीत, खालच्या पट्टीतला, पातेल्याच्या बुडाला जरा लागलेल्या दुधासारखा. शनिवारी तर ती बोलायचीच नाही, घसा राखायची, खुणा करायची. रविवारी रात्री मी गोष्ट सांग म्हटलं की म्हणायची, “सकाळी ऐकलीस ना? तीच.” ती ऐकली होती मी. पण ती मी दार लावलेल्या सगळ्या शहराबरोबर ऐकली होती. ती माझी कशी?

आता काचेपलीकडे ती डोळे मिटून बसली होती. मुलगी खोक्यावरचा काटा फिरवत होती, मावशीच्या हातात एक बटण होतं. आवाज आला की दाबायचं. बराच वेळ ती काहीच दाबत नव्हती. मी मुलीच्या खोक्याकडे बघत होतो. हिचा हात फिरतोय म्हणजे आवाज जातोय, हे मला कळत होतं. आत मात्र काही पोचत नव्हतं. मुलीनं खोक्यावरचं एक बटण बंद केलं, म्हणजे आपलं बोलणं आत जाऊ नये, आणि म्हणाली, “काका, डावा जवळजवळ गेलाच आहे. उजव्यात थोडं आहे. बारीक आवाज आधी जातात, मग हळूहळू शब्द. शब्द नुसते गोंगाटासारखे वाटायला लागतात. यंत्र बसवू आपण, पण ते किती उपयोगी पडेल आणि किती दिवस, हे आता शब्दांच्या तपासणीवर ठरेल.” मी विचारलं, “किती दिवस म्हणजे?” ती म्हणाली, “तसं सांगता येत नाही. वर्ष चालेल, कदाचित कमी. घरच्यांना सांगा, जे काय बोलायचं ते आता समोर बसून, सावकाश बोलत जा.” सहज बोलली ती. मी सहज मान हलवली. तेवढ्यात मला उठून बाहेर निघून जावंसं वाटलं.

कारण मला काय बोलायचं होतं ते मला चांगलंच ठाऊक होतं, आणि ते दोन अक्षरांचं होतं.

मी सात वर्षांचा असेन. कार्यक्रमात दर आठवड्याला दहा-बारा मुलं असत. गोष्ट संपली की एकेकानं माइकशी यायचं आणि मावशीला एक प्रश्न विचारायचा. माझा नंबर लागावा म्हणून मी वर्षभर मागे लागलो होतो. शेवटी ती तयार झाली, पण एका अटीवर. तिथे सगळी मुलं सारखी. कुणाची आई माइकपलीकडे बसली आहे हे इतर मुलांना कळता कामा नये, त्यांना वाईट वाटेल. “तिथे मी सगळ्यांची मावशी, तुझीही मावशीच.” मला त्यात मजा वाटली. प्रश्नही माझा मीच शोधला होता. केस कापायच्या दुकानात काचेची टाकी होती, तीत चार मासे. ते डोळे कधी मिटतात हे बघायला मी केस कापून झाल्यावरही बसून राहायचो. मासे झोपतात का? मी हे तिला घरीच विचारलं. ती ओट्याशी होती. पटकन काहीतरी सांगायला तोंड उघडलं तिनं, मग थांबली. डोळे चमकले. म्हणाली, “चांगला आहे रे प्रश्न. आत्ता नाही सांगणार. तिथे विचार, तिथे सांगेन.” आठवडाभर मी जेवताना तिच्याकडे बघून सराव करत होतो: “मावशी, मासे झोपतात का?” बाबा घास तोंडात धरून हसायचे.

त्या खोलीत गेल्यावर पहिल्यांदा मला शांतता म्हणजे काय ते कळलं. घरातली, शाळेतली शांतता वेगळी. त्यात पंखा असतो, रस्ता असतो. तिथे काहीच नव्हतं. स्वतःचा आवंढा ऐकू यायचा. जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीची फुली होती, तिच्यावर उभं राहायचं. तिथे उभं राहिलं की मावशी अंगठा मुलाच्या हनुवटीला लावायची, करंगळी ताणून माइकला टेकवायची. तेवढं अंतर बरोबर. वीतभर. त्यापेक्षा लांब गेलं तर आवाज विहिरीतून येतो, जवळ गेलं तर श्वास आदळतो. प्रत्येक मुलाला ती अशी मोजून उभं करायची. माझ्याआधी दोन वेण्यांची एक धीट मुलगी होती, तिच्या हनुवटीला तिनं अंगठा लावला तेव्हा मला कसंसंच झालं. मग माझी पाळी आली. तिचा अंगठा हनुवटीला लागला. तोच अंगठा, ज्याला सकाळी कांद्याचा वास होता. वर लाल दिवा. काचेपलीकडे माणसं, ओठ हलताहेत आणि आवाज नाही. तिनं त्या सायीच्या आवाजात विचारलं, “हं बाळ, तुला काय विचारायचंय?” मला बाळ ती कधी म्हणत नसे. ती कोण आहे तेच मला कळेना. मासे गेले, प्रश्न गेला. भीतीनं डोकं रिकामं झालं आणि तोंडातून निघालं, “आई!”

थेट प्रक्षेपण होतं. अख्ख्या शहरानं दार लावून ते ऐकलं.

ती अर्धा क्षण थांबली असेल. आजही मी त्या अर्ध्या क्षणात जाऊन उभा राहतो कधीकधी. मग ती हसली, आणि म्हणाली, “आई म्हणालास? मग काय झालं! घाबरलं की सगळ्यांना आईच आठवते. असू दे बाळ. आई म्हण हवं तर.” काय सांगू, किती सुंदर बोलली. रेडिओतली माणसं अजून त्या वाक्याचं नाव काढतात. मला तिनं अलगद बाजूला केलं. पुढची मुलगी फुलीवर आली आणि म्हणाली, “मग मीही आई म्हणू?” “म्हण की!” त्यानंतरच्या प्रत्येक मुलानं आईच म्हटलं. त्याच्या पुढच्या रविवारीही. शहरात लोकांना ते इतकं गोड वाटलं, की साहेबांनी महिनाभरात कार्यक्रमाचं नाव बदललं. मावशी गेली, ‘आईच्या गोष्टी’ आल्या. आधी ती नुसती ओळखीची होती. आता तिची कीर्ती झाली. दुकानांत तिचे फोटो लागले. आणि हे सगळं माझ्या एका घाबरण्यातून निघालं हे त्या मुलांपैकी कुणाला ठाऊक नाही. मी हरवलेला शब्द सगळ्यांना सापडला. मला तो परत कुणी दिला नाही.

नाव बदललं त्या रात्री मी जेवायला बसलो आणि म्हणालो, “मावशी, मीठ दे.” रागानं म्हणालो होतो. मला वाटलं ती ताट बाजूला सारेल, डोळे वटारेल, कुजबुजत का होईना ओरडेल, ‘मावशी काय म्हणतोस, आई आहे मी तुझी!’ तेवढंच हवं होतं मला. बाबा ठसका लागेपर्यंत हसले. तिनंही हसून मीठ दिलं. दुसऱ्या दिवशी परत म्हणालो. तिसऱ्या दिवशी. ती कधी काही बोलली नाही. मग ते घट्ट होत गेलं, चष्म्याचा स्क्रू गंजून बसतो तसं. आता काढायला गेलं तर काडीच तुटेल अशी धास्ती. मोठा झाल्यावर एकदा बाबांच्या दुकानात बसलो होतो, ते एका मनगटी घड्याळाच्या पोटात बघत होते. भिंग न काढता म्हणाले, “तुझ्या आईला वाटतं तू अजून रागावलायस.”

“छे! मी कशाला रागावू?”

“मग म्हण की एकदा.”

“तिला आई म्हणणारे कमी आहेत का? एकानं नाही म्हटलं तर काय बिघडतंय?”

“ते सगळे म्हणतात म्हणूनच रे गाढवा,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी घड्याळ कानाशी नेलं. दोन वर्षांत बाबा गेले.

मग टीव्ही आला, मुलांनी दारं लावणं सोडलं. कार्यक्रम आधी अर्ध्यावर आला, मग दुपारी गेला, मग नाहीसाच झाला. कीर्ती गेल्याचं दुःख ती कधी बोलली नाही, पण मी बघत होतो. दुकानात गेली की ती नेहमीच्या आवाजात बोलायची नाही. “सहा अंडी द्या” हे ती रविवारच्या आवाजात म्हणायची, मग थांबायची, त्या जुन्या थांबण्यासारखी, आणि दुकानदाराच्या चेहऱ्याकडे बघायची. कधी तो चमकून वर बघायचा, “अहो, तुम्ही त्या..?” मग तिचा सगळा दिवस छान जायचा. पुढे पुढे तो नुसताच विचारायचा, “पिशवी आणलीय का?” ती पिशवी उघडून धरायची. ज्या गर्दीनं माझी आई नेली तिचा मी आयुष्यभर राग केला, आणि ती गर्दी पांगली तेव्हा मला रस्त्यावरच्या एकेकाला धरून सांगावंसं वाटायचं: अरे, ओळखा ना हिला!

“काका,” ती मुलगी म्हणाली, “मी आता शब्द म्हणून बघते. आई ते परत म्हणतील.” तिनं तोंडासमोर पुठ्ठा धरला. ओठ वाचून उत्तरं देतात म्हणे लोक. माझ्याकडेही खालची ओळ पाठ करून येतात. ती एकेक शब्द म्हणत गेली आणि आतून मावशी वेगळंच काही म्हणत गेली, आत्मविश्वासानं, रविवारच्या आवाजात, एक एक शब्द मोत्यासारखा स्पष्ट आणि चुकीचा. मुलगी कागदावर फुल्या मारत होती. मला ते बघवेना. मग ती म्हणाली, “कधी कधी घरच्या माणसाचा आवाज जास्त कळतो. तुम्ही म्हणून बघता? भाच्याचा आवाज ओळखीचा असेल त्यांच्या.”

तिनं मला तिच्या खुर्चीवर बसवलं, पुठ्ठा हातात दिला, शब्दांची यादी पुढे ठेवली. समोर माइक. काचेपलीकडे ती, डोळे उघडून आता माझ्याकडे बघत. मी म्हणालो, “घर.” तिनं हेडफोन कानावर दाबला. “चेंडू,” मी म्हणालो. तिनं कपाळाला आठी घातली. मग तिनं हात वर केला. अंगठा स्वतःच्या हनुवटीला लावला, करंगळी ताणली, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. लांब बसलायस. मी खुर्ची ओढली, पुढे झुकलो. हनुवटी आणि माइक यांच्यामध्ये माझी स्वतःची वीत लावून पाहिली. साठीच्या माणसाची वीत. “घर,” मी परत म्हणालो. “घर,” ती म्हणाली. “पाणी.” “पाणी.” “चेंडू.” “चेंडू.” मुलगी खूश झाली, तिनं हातानं मला चालू ठेवा अशी खूण केली. यादीत पुढे दोरी होती, जिना होता. पुठ्ठा माझ्या तोंडासमोर होता. ओठ दिसत नव्हते, कुणालाच दिसत नव्हते. खोलीत तीच शांतता होती, आवंढा ऐकू येणारी. मला पुन्हा तेवढीच भीती वाटली आणि मी म्हणालो, “आई.”

ती माझ्याकडे बघत राहिली. अर्धा क्षण, मग पूर्ण क्षण, मग किती कोण जाणे. मग ती बोलली. रविवारच्या आवाजात नाही. खालच्या पट्टीत, खरखरीत, त्या दुधाच्या बुडाच्या आवाजात, जो माझ्या आणि बाबांखेरीज कुणी ऐकलेला नाही.

“काय रे?” ती म्हणाली.

“परत म्हणायचं आई, उत्तर नाही द्यायचं,” मुलगी बाजूनं माइकमध्ये म्हणाली. मग मला हळूच, “हा शब्द यादीत नाहीये काका,” आणि तिनं सवयीनं कागदावर एक फुली मारली. चूक.

“मी भाचा नाही,” मी तिला म्हणालो. माइक चालूच होता, त्यामुळे ते आतही गेलं असणार. “मुलगा आहे. मघाशी चुकून सांगितलं.” मुलगी दोघांकडे बघत राहिली. मी पुठ्ठा टेबलावर ठेवला, हनुवटी वीतभर अंतरावर आणली, आणि सावकाश विचारलं, “आई, मासे झोपतात का?”

तिचं तोंड हसायला लागलं, पण डोळे भरून आले होते. हेडफोन सावरत ती पुढे वाकली, काचेला जवळजवळ कपाळ टेकेपर्यंत.

“झोपतात की,” ती म्हणाली. “डोळे उघडे ठेवून झोपतात. तेव्हाच सांगणार होते मी. तूच विचारलं नाहीस.”